‘ते रात्रभर घरीच होते’ असं सांगू का?

एका वाचक भगिनीचं पत्र (गाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, थोडक्यात) :

‘माझे यजमान तालुक्याच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता आहेत. माझी नणंद २०२३च्या पावसाळ्यात सासरच्या विहिरीत सापडली. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि कागद बांधून ठेवले. यजमानांनी मात्र विषय सोडला नाही. ते स्वतःच माणसं गाठू लागले, जबाब लिहून घेऊ लागले, ओळखीच्या पोलिसाकडून कॉल रेकॉर्ड आणले. जाडजूड फाइल झाली. गेल्या श्रावणात नणंदेचा दीर कालव्यात मेलेला सापडला, डोक्याला मार होता. खुनाचा गुन्हा यजमानांवर दाखल झाला. दोन महिने होत आले, ते जेलमध्ये आहेत. त्या रात्री ते दीड वाजता घरी आले होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. आल्यावर मला काही बोलले, ते इथे लिहीत नाही. थोरले दीर म्हणतात, पोलिसांना सांग की ते रात्रभर घरीच होते. आणि ती फाइल जाळ, खुनाचं कारण त्यातच लिहिलेलं आहे. तिकडच्या मंडळींचा निरोप आहे की दोन्ही प्रकरणं आपसात मिटवून टाकू. वकील संघाने ठराव केलाय की यांचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. पगार बंद आहे. मुलगा दहावीला आहे, तो सारखा विचारतो, बाबांनी केलं का? मी काय करू?’

ताई,

नाही. ‘ते रात्रभर घरीच होते’ असं तुम्ही सांगायचं नाही. पोलिसांना नाही, कोर्टात नाही, शेजारणीलासुद्धा नाही.

हे मी सत्यवचनाच्या गोडीने सांगत नाही. मी बरीच वर्षं फौजदारी कोर्टात आरोपीच्या बाजूने उभी राहिले आहे, आणि माझा सल्ला तुमच्या यजमानांच्या फायद्याचाच आहे. खेडेगावात रात्री दीड वाजता आलेली मोटारसायकल कोणी ना कोणी ऐकलेली असते. मोबाइलचं टॉवर लोकेशन असतं, रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा असतो. ‘घरीच होते’ हे एकदा खोटं ठरलं की सरकारी वकील उभा राहून एवढंच म्हणतो, घरचं माणूस खोटं का बोललं? साखळी आधीच पूर्ण असेल तर खोटा बचाव ही आणखी एक कडी म्हणून आरोपीच्या विरुद्ध धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. थोरल्या दिरांचा हेतू चांगला असेल, पण ते तुमच्या हाताने भावाच्या गळ्यात ती कडी अडकवायला निघालेत. शिवाय शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल तो वेगळा. मग मुलाकडे बघायचं कोणी?

खोटं बोलायचं नाही म्हणजे सगळं ओकून टाकायचं असंही नाही. यजमान त्या रात्री काय बोलले ते तुम्ही मला लिहिलं नाही, फार बरं केलंत. कोणालाच लिहू नका. नवरा-बायकोत संसाराच्या काळात झालेलं बोलणं उघड करायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२८प्रमाणे तुमच्यावर सक्ती करता येत नाही. ज्याने ते सांगितलं त्याच्या संमतीशिवाय कोर्ट तुम्हाला ते सांगूही देत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम १२२ होतं. पण हे संरक्षण बोलण्याला आहे, पाहण्याला नाही. १९५४मध्ये राम भरोसे खटल्यात बायकोने नवऱ्याला पहाटे छपरावरून उतरताना, नंतर अंघोळ करताना पाहिलं होतं, आणि दागिन्यांबद्दल तो तिच्याशी काही बोललाही होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचं बोलणं बाजूला ठेवलं; तिने डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला मात्र हरकत नाही म्हटलं. तुमच्या बाबतीत दीड वाजता येणं आणि चिखल हे ‘पाहिलेलं’ आहे. कोर्टात विचारलं तर ते सांगावं लागेल. म्हणून तुम्हाला स्वतःचा वेगळा वकील हवा. यजमानांचा वकील हा यजमानांचा असतो. उद्या तुमचं आणि त्यांचं हित दोन वाटांनी गेलं तर त्याला त्यांच्याच वाटेने जावं लागेल. यासाठी पैसे लागतीलच असंही नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन करायचा तर १५१००.

तपासी अंमलदाराने ‘ठाण्यावर या’ म्हटलं तर जायचं नाही. साक्षीदार म्हणून बाईला विचारपूस करायची तर तिच्या घरी येऊन करावी लागते, सासूबाईंनाही तेच लागू. तुमचा जबाब पोलीस लिहून घेतील, पण त्यावर तुमची सही घेता येत नाही. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही. त्या रात्रीचा विषय निघाला की सरळ म्हणा, ‘मी माझ्या वकिलाशी बोलून सांगते.’

आता फाइल.

जाळू नका. पानं काढू नका, तारखा बदलू नका, आणि ती चिखलाची पँट अजून घरात असेल तर धुऊ-पुसू नका, जागची हलवू नका. आधी वकिलाला विचारा. नवऱ्याला आसरा दिला म्हणून बायकोवर गुन्हा होत नाही, तिथे कायद्याने बायकोला सूट दिली आहे. बऱ्याच जणांना वाटतं ती सूट सगळीकडे आहे. तशी ती नाही. पुरावा नष्ट करण्याचं कलम वेगळं, भारतीय न्याय संहितेतलं २३८. त्यात नवरा-बायकोला कसलीही सवलत नाही, आणि मूळ गुन्हा खुनाचा असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. दिरांना हे वाचून दाखवा. काडी पेटवायला मग ते स्वतः पुढे होतात का, तेही कळेल.

फाइलमध्ये खुनाचं कारण दिसतं, हे दिरांचं म्हणणं खोटं नाही. बहिणीच्या मरणाचा राग भावाला होता, हे फाइल उघडताच दिसेल. पण तो राग गावात कोणापासून लपला होता? नुसत्या हेतूवर खून सिद्ध होत नाही. याउलट, जो माणूस दोन वर्षं चिकाटीने कोर्टात टिकेल असा कागद जमवत होता, तो एका रात्रीत काठी कशाला उचलेल, असा युक्तिवाद त्याच फाइलवरून चांगला वकील करू शकतो. तो करायचा की नाही हे वकिलाला ठरवू द्या. फाइल जशी आहे तशी, पावती घेऊन, यजमानांच्या वकिलाच्या हाती द्या.

ओळखीतून आणलेल्या कॉल रेकॉर्डचं मात्र दुखणं आहे. सीडीआर, म्हणजे कॉलचा तपशील, मिळवायला रीतसर मार्ग आहे, त्याबाहेरून घेणं हा गुन्हा होऊ शकतो. २०१८मध्ये ठाण्यात या धंद्यावरून खासगी गुप्तहेरांना अटकसुद्धा झाली होती. वकिलाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. वकील-अशिलातलं बोलणंही संरक्षित असतं. वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासात समोरच्याच्या तोंडून बाहेर येते, आणि तेव्हा आपल्या वकिलाचा चेहरा बघवत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक लिहिते. यजमान चुकले ते कुठे? बहिणीसाठी झगडले यात नाही. ते एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसले. भाऊ म्हणून त्यांना तक्रार करायचा पूर्ण हक्क होता. सरकारी अभियोक्त्याला मात्र तपास करायचा अधिकारच नसतो, कोणत्याच प्रकरणात नाही. तपास पोलिसांचा, अभियोग त्याच्यानंतरचा. २०००मध्ये आर. सरला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं, आणि योगायोग बघा, ते प्रकरणही सासरी मेलेल्या नव्या सुनेचंच होतं. दोषारोपपत्राआधी सरकारी अभियोक्त्याचं मत घ्या असा उच्च न्यायालयाचा आदेश होता, तो रद्द झाला. तुमच्या यजमानांना हे पाठ असणार. पण बहीण विहिरीतून बाहेर काढलेली पाहिल्यावर पाठ केलेलं आठवत नाही. साक्षीदारांच्या दारात ते भाऊ म्हणून गेले तरी समोरच्याला सरकारी वकील दिसला. आता तेच साक्षीदार म्हणतील, साहेबांनी दम देऊन लिहून घेतलं. नणंदेच्या प्रकरणात ही फाइल त्यामुळे दुबळी झाली आहे. हे कडू आहे, पण आत्ताच कळलेलं बरं.

तरी नणंदेचं प्रकरण मेलेलं नाही. फक्त ते यजमानांच्या हातून काढून सासूबाईंच्या हाती द्यायला हवं. तुमच्या नव्हे, सासूबाईंच्या. त्या आई आहेत, आणि त्यांच्यावर आरोप नाही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई मेली तर नुसत्या पोलिसांच्या नोंदीवर भागत नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते. ती झाली का, कोणी केली, काय लिहिलं, याची नक्कल प्रांत किंवा तहसील कार्यालयातून मागा. इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) पाठवला असेल तर त्याचा निकाल, हेही मागा. मग ठाण्यात लेखी फिर्याद. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने. तरीही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७५(३)खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ला लागू झाले; मृत्यू त्याआधीचा असल्यामुळे गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेतलीच लागतील. पत्रात हुंड्याचा शब्द नाही. पैशासाठी छळ असेल तर ३०४ब (हुंडाबळी), त्याला मुदतीचं बंधन नाही. नुसतं ४९८अ (सासरचा छळ) लागणार असेल तर तीन वर्षांची मुदत असते आणि ती भरत आली आहे, म्हणून यात चालढकल नको. नणंदेचा दीर गेला म्हणून त्याच्यापुरतं प्रकरण संपतं, तिचा नवरा आणि सासू-सासऱ्यांपुरतं नाही.

नणंदेने कधी सासूबाईंना, मैत्रिणीला, तुम्हाला काही लिहिलं होतं का? व्हॉट्सअॅपवर, चिठ्ठीत? हे मी मुद्दाम विचारते. पुण्याचा सारडा खटला तुमच्या यजमानांनी नक्की वाचला असेल. १९८२च्या जूनमध्ये एक तरुण विवाहिता, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली, सायनाइडने गेली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टापुढे आली. नवऱ्याला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती, म्हणून. या निकालातल्या दोन गोष्टी तुमच्या घरात येऊन पोचतात. मेलेल्या बाईने आपल्या हालांबद्दल लिहून ठेवलेलं, तिच्या मरणाच्या परिस्थितीशी निगडित असेल तर, पुरावा म्हणून घेता येतं. ही नणंदेच्या बाजूची गोष्ट. आणि परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या तिथेच घालून दिल्या: प्रत्येक दुवा पक्का सिद्ध व्हावा, सगळे दुवे आरोपीच्याच दोषाकडे बोट दाखवावेत, ते निर्णायक असावेत, दुसऱ्या कोणत्याही शक्यतेला वाव राहू नये, आणि साखळी सलग असावी. ही यजमानांच्या बाजूची. गावाकडचा एक टॉवर चारी बाजूंनी काही किलोमीटर व्यापतो. त्या लोकेशनवरून माणूस कालव्याच्या काठीच होता असं म्हणता येत नाही. पावसाळ्यातला चिखल तर अख्ख्या तालुक्यात असतो.

नणंदेचे मेसेज ज्या फोनमध्ये असतील तो फोन तसाच ठेवा. स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका. मूळ फोन आणि सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र, असं कोर्टात जाईल.

तडजोडीचा निरोप घेऊन जे येताहेत त्यांना विचारा, मिटवणार म्हणजे नेमकं काय करणार? खून आणि हुंडाबळी हे आपसात मिटणारे गुन्हेच नाहीत. फिर्यादीने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी खटला सरकार चालवतं. म्हणजे ते जे देऊ म्हणताहेत ते त्यांच्याकडे नाहीच. त्यांच्या साक्षीदारांनी फितूर व्हायचं आणि तुमच्या सासूबाईंनी लेकीचं प्रकरण सोडायचं, असा खरा सौदा असणार. यातला दुसरा भाग लगेच घडतो, पहिला घडेल याची हमी कोण देणार? आणि असं काही ठरल्याचा सुगावा लागला तर साक्षीदार फोडल्याचा आरोपही यजमानांच्याच माथी बसेल. घरातलं कोणीही, दीरसुद्धा, त्या कुटुंबाशी फोनवर बोलू नये.

वकील संघाचा ठराव कागदावरच ठेवायच्या लायकीचा आहे. असे ठराव बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये म्हटलंय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ने दिलेला वकिलाचा हक्क बार असोसिएशन काढून घेऊ शकत नाही. व्यवहाराचं बोलायचं तर शेजारच्या जिल्ह्यातला वकील करा, म्हणजे रोज बाररूममध्ये कोणाचा डोळा चुकवत बसायची पाळी त्याच्यावर येणार नाही. यजमान ज्या कोर्टांत उभे राहायचे तिथेच खटला नको असेल तर तो जिल्ह्याबाहेर वर्ग करून मागायला उच्च न्यायालयात जाता येईल. तो निर्णय वकिलाचा. यजमानांनी स्वतःचा खटला स्वतः चालवायचा हट्ट धरला तर मात्र तुम्ही मोडता घाला. कायदा येणाऱ्या आरोपीइतका वाईट अशील नसतो.

वकिलाला दोन प्रश्न विचाराच. पहिला, नव्वदावा दिवस कधी? खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण मागितला तरच मिळतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा. तुमचे दोन महिने होत आलेत, म्हणजे तारीख आत्ताच कॅलेंडरवर हवी. दुसरा प्रश्न, अटकेची कारणं यजमानांना लेखी दिली होती का? ती न देणं हा अलीकडे जामिनाचा मोठा मुद्दा झाला आहे.

आणि ज्यांना यजमानांनी आत पाठवलं त्यांच्याच बरॅकमध्ये ते असतील, तर वेगळं ठेवण्यासाठी कोर्टाकडे आणि तुरुंग अधीक्षकांकडे लगेच लेखी अर्ज जायला हवा. हे त्यांनी स्वतःहून तुम्हाला सांगितलं नसेल. तुम्ही घाबराल म्हणून.

पगाराचं थोडक्यात. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की शासकीय कर्मचारी निलंबित मानला जातो, त्यात मानहानी वाटून घेऊ नका. निलंबनातही निर्वाहभत्ता मिळतो, सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या पगाराएवढा आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनी तो वाढवता येतो. त्यासाठी ‘मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही’ असं प्रमाणपत्र लागतं, यजमानांची सही जेलमधून आणावी लागेल. कार्यालय स्वतःहून देईल याची वाट बघू नका, अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

राहिला मुलगा. त्याला ‘बाबांनी नाही केलं’ असं सांगू नका, ते तुम्हाला माहीत नाही. ‘केलं असेल’ असंही नाही, तेही माहीत नाही. तुम्ही पत्रात हा प्रश्न मुलाच्या तोंडून विचारलात, पण रात्री तो तुम्हालाच पडत असणार, हे मला कळतं. उत्तर सापडल्याशिवाय नवऱ्यासाठी डबा न्यायचा नाही, वकील शोधायचा नाही, असा काही नियम नाही ताई. त्याला एवढं सांगा: बाबांवर आरोप आहे, तो खरा की खोटा हे कोर्ट पुरावा बघून ठरवेल, आणि बाबांना चांगला वकील मिळावा म्हणून आई धडपडते आहे. त्या रात्रीबद्दल घरात आपण बोलायचं नाही. का, ते त्याला खरं सांगा: उद्या कोणी त्याला विचारलं तर त्याला जे माहीत आहे तेवढंच सांगता यावं, आपल्यामुळे त्याच्यावर खोटं बोलायची वेळ येऊ नये. तो पंधरा-सोळा वर्षांचा आहे, त्याला हे समजतं. थोरल्या काकांनी त्याला काही पढवलं असेल तर तेही आजच विचारून घ्या. मुलाखतीला त्याला न्यायचं का, हे त्यालाच ठरवू द्या; बोर्डाची परीक्षा झाल्यावर येतो म्हणाला तर यजमानांना तसं सांगा, आग्रह करू नका. आणि शाळेत वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, बाहेरून ऐकण्याआधी त्यांना तुमच्याकडून कळू द्या.